कुस्कोची संकष्टी

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हटलं.

"कितीपैकी?" विद्याधरांनी डोळे न उघडताच विचारलं.

"शंभरपैकी."

"म्हणजे डिस्टिंक्शन."

त्यांच्या बोटाची ऑक्सिमीटरची चिमटी काढून मी माझ्या बोटाला लावली. नव्वद आले. याचा अर्थ यंत्र बरोबर होतं आणि नवरा बिघडला होता.

या गोष्टीला आता सात वर्षं होऊन गेली. पेरू देशातल्या कुस्को गावात, समुद्रसपाटीपासून अकरा हजार दोनशे फुटांवर, एका जुन्या हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघं होतो. बुधवार होता, सकाळचे साडेसहा वाजले होते. दक्षिण अमेरिकेच्या आमच्या वीस दिवसांच्या सहलीचा तो चौथा दिवस. विद्याधरांचं डोकं ठणकत होतं, पहाटे त्यांना दोनदा उलटी झाली होती आणि ओठांचा रंग मला आवडत नव्हता.

"काहीतरी पोटात जायला हवं," मी म्हटलं. "खाली नाश्ता सुरू झाला असेल. ब्रेड आणते, अंडं आणते."

"आज संकष्टी आहे."

"इथे?"

"संकष्टी सगळीकडे असते, शैला."

त्यांचा फोन उशाशी होता. त्यावर ठाण्याहून माझ्या नणंदेचा, कुमुदवन्संचा निरोप येऊन पडला होता. आज संकष्टी, चंद्रोदय दहा वाजून दहा मिनिटांनी, तब्येतीला जपा.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. विद्याधर वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात देव आहेत, पण ते सासूबाईंचे. त्यांच्यामागे त्यांना कोणी हलवलं नाही इतकंच. विद्याधर कधी देवळात जात नाहीत, सत्यनारायणाला बोलावलं तर प्रसादाच्या वेळेला पोचतात. आठवड्यातले पाच दिवस मासे खातात. फक्त संकष्टी तेवढी कडक. सासूबाईंची संकष्टी होती, त्या गेल्या आणि त्याच वर्षापासून यांनी धरली. मुलगा आईची आठवण आपल्या परीने ठेवतो आहे, असं मी समजत होते. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. मी महिन्यातून एकदा साबुदाणा भिजवत होते आणि महिन्यातून एकदा त्याच्यात पिष्टाशिवाय काही नसतं हे सांगत होते.

या सहलीमागचं कारणही आम्ही बोललो नव्हतो. सहलीच्या नऊ वर्षं आधी माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. दर वर्षी तपासणी व्हायची, दर वर्षी डॉक्टर हसून फाइल परत द्यायचे. त्या फेब्रुवारीत ते हसले नाहीत. उजव्या फुप्फुसात एक ठिपका दिसत होता, सहा मिलिमीटरचा. "चार महिन्यांनी परत स्कॅन काढू," ते म्हणाले. "तोवर काही करायचं नाही."

काही करायचं नाही, हे विद्याधरांना कधीच जमलेलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर तिकिटं ठेवली. मे महिन्यात दक्षिण अमेरिका, सुरुवात पेरूपासून.

"पेरूच का?" मी विचारलं.

"तुझा बटाटा तिथला ना?"

माझा प्रबंध कापलेला बटाटा काळा का पडतो यावर होता. चार वर्षं लागली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगं, पाण्यात टाक की. नाही पडत." पण बटाटा मुळात त्या डोंगरांतला, तिथे त्याच्या हजारो जाती आहेत, जांभळ्या, काळ्या, बोटासारख्या लांब, आणि त्यांचा बाजार एकदा बघायचा हे मी तरुणपणी कधीतरी बोलले असेन. पस्तीस वर्षांनी त्याचं तिकीट निघालं. पिसाक नावाच्या गावचा तो बाजार गुरुवारी बघायचा ठरला होता. त्या ठिपक्याचा उल्लेख दोघांपैकी कोणी करत नव्हतं. "परत आल्यावर ते एक आहे," एवढंच विद्याधर म्हणायचे, गॅसचं सिलिंडर लावायचं असल्यासारखं.

पहिले दोन दिवस लिमात उत्तम गेले होते. आभाळ करडं, समुद्र करडा, कठड्यावर आमच्या कॉलेजातल्या शिपायासारखे गंभीर बसलेले पाणकोळी. तिथे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा खातात. विद्याधरांनी बशी दूर सारली.

"हे शिजलेलं नाही."

"आम्लामुळे प्रथिनं घट्ट होतात. शिजल्यावर जे होतं तेच जवळजवळ."

"जवळजवळ?"

"जंतू मरत नाहीत एवढाच फरक."

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ समुद्राकडे बघितलं आणि दुसरी बशी मागवली. "आईला सांगायला हवं होतं," म्हणाले. "उगाच ती रोज स्टोव्ह पेटवत बसायची."

तिसऱ्या दिवशी दुपारी विमानाने कुस्कोला पोचलो. विमानतळावर आमची मार्गदर्शक निल्दा घ्यायला आली होती. चाळिशीची, बुटकी, शांत बाई. तिने स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की आज फक्त झोपायचं. मी झोपले. तासाभराने उठले तर शेजारची खाट रिकामी. गावाच्या डोक्यावर इंकांनी रचलेल्या अवाढव्य दगडांच्या भिंती आहेत. हे गृहस्थ चढण चढून एकटेच तिथे गेले होते आणि दोन दगडांच्या फटीत स्वतःचं जुनं व्हिजिटिंग कार्ड जातं का ते बघत होते.

"नाही गेलं," परत आल्यावर म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "पाचशे वर्षं झाली, सिमेंट नाही, आणि कार्ड जात नाही. आमच्या सबस्टेशनच्या भिंतीतून मांजर जायचं."

रात्री डोकं दुखायला लागलं, आणि सकाळी अठ्ठ्याहत्तर.

निल्दा आठ वाजता डॉक्टरांना घेऊन आली. तरुण मुलगा होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्याने छाती तपासली, पंधरा मिनिटं ऑक्सिजन दिला, एक गोळी दिली. मग निल्दामार्फत मला सांगितलं: अजून फुप्फुसात पाणी नाही. पण पोट रिकामं ठेवायचं नाही. गरम, पातळ, खारट असं काहीतरी द्या. पाचला येतो. आकडा पंच्याऐंशीच्या वर असेल तर उद्या तुम्ही पिसाकला जाऊ शकता, ते इथून खालीच आहे. नसेल तर पहिल्या विमानाने लिमा, आणि तिथून घरी.

"घरी म्हणजे ठाण्याला?" विद्याधरांनी विचारलं.

"त्याला ठाणं माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्ही खाल का आता?"

"चहा घेतो."

खाली कोकाच्या पानांचा चहा मिळत होता. तो आणला. त्यांनी कपात डोकावून बघितलं. "हा पाला उपासाला चालतो?"

"ज्यांनी उपासाचे नियम केले त्यांना हा पाला माहीत नव्हता."

"मग चालतो."

तो चहा दहा मिनिटांनी बाहेर आला. मी केळं सोललं, ते त्यांनी बघूनच मान फिरवली. उकडलेला बटाटा आणला, तो घशाखाली उतरेना. अकरा वाजता आकडा एकोणऐंशी होता. मी हिशेब करायला बसले.

"हे बघा. ठाण्यात चंद्र दहा दहाला उगवणार. इथलं घड्याळ साडेदहा तास मागे. म्हणजे आपल्या अकरा चाळीसला ठाण्यात चंद्र वर आलेला असेल. कुमुदवन्सं तेव्हा जेवायला बसतील. तुम्हीही बसा."

"तो ठाण्याचा चंद्र."

"चंद्र एकच आहे."

"मग इथे दिसू दे."

"इथे साडेआठ-पावणेनऊपर्यंत दिसणार नाही. तोपर्यंत कदाचित चतुर्थी संपून पंचमी लागली असेल. तिथी सगळ्या पृथ्वीवर एकदमच बदलते."

"मी पंचांग बघत नाही, शैला. मी चंद्र बघतो."

इतक्या आजारी माणसाने इतकं नीट उत्तर देऊ नये. मी खाली गेले.

स्वयंपाकघरात सेनोबिया नावाची बाई होती, दोन लांब वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या. चुलीवर मोठं पातेलं होतं आणि वासाने मला एकदम भूक लागली. पिवळं, दाट, वर हिरवा पाला. निल्दा तिथेच कोपऱ्यात बसून जेवत होती. ह्यात काय आहे, मी तिला विचारलं. तिने सेनोबियाला विचारलं. सेनोबियाने बोटांवर मोजत सांगितलं: बटाटा, मीठ, पाला, आणि काल्दो दे गायीना.

निल्दाला ते मला इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही. निघण्याआधी दोन महिने मी फोनवर स्पॅनिशचे धडे घेतले होते. गायीना तिसऱ्याच धड्यात होती. कोंबडी. म्हणजे ते सगळं कोंबडीच्या रश्श्यात शिजलं होतं.

वेगळं करून मागता आलं असतं. तासाभराचा प्रश्न होता. पण मी त्या पातेल्यात मीठ बघत होते, पाणी बघत होते, विरघळलेली प्रथिनं बघत होते. वर खाटेवर एक माणूस एकोणऐंशीवर पडला होता, आणि गेलेल्या आईच्या सवयीसाठी तिथेच पडून राहणार होता. सासूबाई असत्या तर त्यांनी स्वतःच्या हाताने पाजलं असतं, असंही मी मनाशी म्हटलं. मी वाडगं भरून घेतलं. निल्दा ट्रे उचलायला माझ्याबरोबर वर आली.

विद्याधर उशीला टेकून बसले. वास आला तसे त्यांचे डोळे उघडले. "काय आहे?"

"सूप. बटाट्याचं."

"आणखी काय आहे त्यात?"

"मीठ, पाला."

त्यांनी चमचा हातात घेतला, पण वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेला माणूस एका सहीवर विसंबत नाही. त्यांनी निल्दाला इंग्रजीत विचारलं, फक्त बटाटाच आहे ना?

निल्दाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. माझी मान बहुतेक थोडी हलली असावी.

"मोस्टली," निल्दा म्हणाली.

"मोस्टली म्हणजे मीठ-बीठ आलंच," विद्याधर म्हणाले आणि प्यायले. पहिला चमचा सावकाश, मग भराभर. वाडगं तिरकं करून शेवटचा थेंबसुद्धा घेतला. "काय बटाटा आहे," म्हणाले. "उगाच नाही तू चार वर्षं घालवलीस."

ते चार तास झोपले. पाच वाजता डॉक्टर आला तेव्हा आकडा सत्त्याऐंशी होता आणि ओठ ओठांच्या रंगाचे होते. सूप, गोळी, ऑक्सिजन आणि झोप, यांतल्या नेमक्या कशाने उतार पडला हे सांगता येणार नाही. पण मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते.

रात्री साडेआठला हॉटेलच्या वरच्या सज्जात आम्ही घोंगड्या पांघरून बसलो. खाली चौक, समोर डोंगराची काळी रेघ. विद्याधरांच्या मुठीत एक बटाट्याचा तुकडा, मोदकाच्या जागी. विद्याधर खुशीत होते. मीही होते, म्हणून बोलले.

"आजच्या दिवस सोडली असती तरी चाललं असतं. सासूबाईंनी काही म्हटलं नसतं."

"आईचा काय संबंध?"

"त्यांची संकष्टी तुम्ही पुढे चालवता ना?"

"आईची संकष्टी आईबरोबर गेली." ते डोंगराकडेच बघत होते. "मी तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी धरली. तुला आत नेलं, मी खाली कँटीनला गेलो. वडा मागितला. तो म्हणाला, आज संकष्टी, साबुदाणा वडा आहे. मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. म्हटलं चला, एवढं करू. हिचे रिपोर्ट चांगले येताहेत तोवर एकही चुकवायची नाही."

मी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"आजची धरून एकशे बारा," ते म्हणाले. "एकही चुकलेली नाही. तुझेही रिपोर्ट चुकले नाहीत. आता परत गेल्यावर ते एक आहे."

"तुमचा विश्वास आहे याच्यावर?"

"छे. पण चालत्या मशीनला हात लावू नये. का चालतंय ते कळत नसेल तर मुळीच लावू नये."

सासूबाई मार्चमध्ये गेल्या होत्या. माझं ऑपरेशन त्याच वर्षी मेमध्ये झालं. एकाच काळात दोन घटना घडल्या तर परिणाम नेमक्या कुठल्या घटनेचा हे आधी तपासावं, हे मी दर जूनमध्ये नव्या मुलांना पहिल्याच तासाला शिकवत आले होते.

पावणेनऊला डोंगरामागून चंद्र आला. ठाण्यात दिसतो त्यापेक्षा बत्तीस अंशांनी कलंडलेला. त्यातला ससा पाठीवर पडायच्या बेतात होता. विद्याधरांनी हात जोडले. तो बटाट्याचा तुकडा वर दाखवला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मला दिला.

"आता जेवू," ते म्हणाले. "चांगलं चिकन सूप मागव. दिवसभर बटाटा झाला."

खालच्या जेवणघरात सेनोबियाने दोन वाडगी आणून ठेवली. पिवळं, दाट, वर हिरवा पाला. मी चमच्याला हात लावला नाही. विद्याधरांनी एक घोट घेतला. थांबले. वाडग्यात बघितलं, मग दुसरा घोट घेतला.

"हे दुपारचंच," ते म्हणाले.

"हो?"

"चव तीच आहे." त्यांनी चमचा वाडग्यात एकदा फिरवला. "बाईने बटाट्याचंच दिलेलं दिसतंय परत. असू दे. आता कुठे बदलून मागायचं."

त्यांनी ते संपवलं. माझ्याकडे बघून, "तू पी, गार होतंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिसाकच्या बाजारात मी एकशे चाळीस प्रकारचे बटाटे बघितले. नावं लिहून घेतली, रंग लिहून घेतले. एक जांभळा बटाटा तिथल्या बाईने माझ्यासाठी कापला. तो काळा पडायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघायचं पस्तीस वर्षांपासून ठरलं होतं. घड्याळ लावायचं राहून गेलं. मी दिवस मोजत होते. पुढची चतुर्थी स्कॅनच्या आधी चार दिवस येत होती.

त्या चतुर्थीला ठाण्यात मी दिवसभर काही खाल्लं नाही. विद्याधरांनी विचारलं तेव्हा अ‍ॅसिडिटी झाली आहे म्हणून सांगितलं.

स्कॅनच्या दिवशी आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. विद्याधर तिथे नेहमी खूप बोलतात, लिफ्टबद्दल, जनरेटरबद्दल, वायरिंग कसं चुकीचं केलंय त्याबद्दल. त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. एसीचा त्रास होत असेल असं मला वाटलं. मी स्वतः ज्याला भीत होते ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई एका वाडगाभर कोंबडीच्या रश्श्याला भीत होती.

ठिपका तेवढाच होता. जुन्या कुठल्यातरी संसर्गाची खूण असावी, डॉक्टर म्हणाले, आणि हसून फाइल परत दिली. गाडीत बसल्यावर विद्याधरांनी पाच मिनिटं किल्ली फिरवली नाही.

म्हणजे उपास मोडूनही रिपोर्ट चांगला आला होता. इतका स्वच्छ पुरावा माझ्या हाती आयुष्यात दुसरा आला नाही. पण मधल्या चतुर्थीला मी स्वतःच उपाशी राहून प्रयोग बिघडवला होता. मग तो बिघडलेलाच राहू दिला. दर महिन्याला त्या दिवशी मला अ‍ॅसिडिटी होऊ लागली. विद्याधर चंद्र बघून जेवायला बसायचे तेव्हा ती उतरायची.

गेल्या महिन्यातल्या संकष्टीला मी मोदक केले. एरवी करत नाही, पण आकडे मी ठेवत होते. कुस्कोची एकशे बारावी, त्यानंतर अठ्ठ्याऐंशी. चंद्र दिसला, पानं घेतली.

"आज मोदक?" विद्याधरांनी विचारलं. "काय विशेष?"

"दोनशे झाल्या ना तुमच्या."

त्यांनी मोदकावर तूप वाढून घेतलं. "एकशे नव्व्याण्णव."

"दोनशे. मोजायला चुकलात."

"मी चुकत नाही." त्यांनी मोदक फोडला, वाफ जाऊ दिली. "त्यातली एक मोस्टली होती. ती मी धरत नाही."

तुपाची वाटी माझ्या हातातच राहिली. बाकावरचे ते दोन हात आठवले, गुडघ्यांवर ठेवलेले.

"तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"तू घाबरली असतीस." त्यांनी माझ्या पानात एक मोदक वाढला, आणखी एक वाढला. "तुझ्या अ‍ॅसिडिटीच्या किती झाल्या?"

"अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे डिस्टिंक्शन," ते म्हणाले आणि जेवायला लागले.